ट्रॉलीचा जॅक का अडतो?

हायड्रॉलिक हा शब्द आता आपल्या शिवारात परका राहिलेला नाही. निफाड, दिंडोरी, सटाणा, कोणत्याही बाजूच्या रस्त्याला उभे राहा; कांदा, शेणखत, मुरूम किंवा गाळाची माती भरलेली ट्रॉली जाताना दिसते. मुक्कामी पोचल्यावर चालक एक दांडी ओढतो, हौदा पुढच्या बाजूने वर उचलला जातो आणि माल मागच्या फाळक्यातून घरंगळत खाली येतो. चार माणसांचे तासाभराचे काम दोन मिनिटांत उरकते. हे सुरळीत चालते तोवर त्यामागे काय घडते याचा विचार कोणी करीत नाही. पण एखाद्या दिवशी, आणि तोही नेमका घाईचा दिवस असतो, दांडी ओढली तरी हौदा जागचा हलत नाही. किंवा अर्ध्यावर जाऊन अडतो. किंवा वर जाऊन आपोआप खाली बसू लागतो. मग भोवती माणसे जमतात. एक म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो सील फाटले, आणि तिसरा हातात पाना घेऊन थेट उचललेल्या हौद्याखाली शिरतो.

यांतल्या पहिल्या दोघांचे ऐकले तर पैसा जाण्याचा संभव असतो. तिसऱ्याचा तर जीव जाण्याचा संभव असतो. तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो आणि शिक्षक मित्रहो, या यंत्राचा बिघाड ओळखावा कसा, आणि तोही अंगाला धक्का न लावता, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. ब्लेझ पास्कल नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ १६२३ ते १६६२ या काळात होऊन गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो दाब द्रवात सर्वत्र सारखाच पोचतो, हे त्याने दाखवून दिले. ऐकायला साधी गोष्ट; पण तिचा परिणाम मोठा आहे. समजा, एक चौरस सेंटिमीटरच्या बारीक दट्ट्यावर आपण १० किलो जोर दिला. त्याच द्रवाला जोडलेला दुसरा दट्ट्या १०० चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तो १,००० किलो उचलून धरील. मग हे फुकट मिळाले काय? नाही. बारीक दट्ट्या १०० सेंटिमीटर खाली जाईल तेव्हा मोठा दट्ट्या एकच सेंटिमीटर वर येईल. तरफेचा जो हिशेब तोच इथे. जोर वाढला की अंतर घटते. याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले. पुढे हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने ट्रॅक्टरच्या पाठीशी औजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसवली, आणि १९३६ पासून तसे ट्रॅक्टर बाजारात येऊ लागले.

आपल्या ट्रॉलीत काय असते? ट्रॅक्टरच्या पोटात तेलाचा साठा असतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. इंजिनावर चालणारा पंप ते तेल जाळीतून ओढतो आणि पुढे ढकलतो. आपण दांडी ओढतो तेव्हा एक झडप उघडते. तेल रबरी नळीतून, कपलरमधून ट्रॉलीच्या जॅकमध्ये शिरते आणि जॅकचा दांडा बाहेर येतो. दांडी खाली केली की हौदा स्वतःच्या वजनाने तेल परत ढकलतो. याशिवाय एक पहारेकरी असतो, त्याला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढू लागला की तो उघडतो आणि तेलाला परतीची वाट करून देतो, म्हणजे नळी किंवा पंप फुटत नाही.

आता थोडे गणित. समजा, जॅकच्या पहिल्या टप्प्याचा व्यास १० सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर झाले. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब मिळाला, तर जोर होतो ११,७७५ किलो, म्हणजे पावणेबारा टनांच्या आसपास. पहिला टप्पा संपून ८ सेंटिमीटर व्यासाचा दुसरा टप्पा बाहेर येऊ लागला की तोच दाब साडेसात टनांचा जोर देतो. जोर कमी झाला, पण वेग वाढला. कारण तेवढेच तेल आता कमी जागेत भरते आहे. हौदा जमिनीवरून सुटताना ओझे सर्वांत जड असते, आणि तो कलत गेला की हलके होत जाते. म्हणून रुंद टप्पा आधी आणि अरुंद टप्पा मागून, अशी ही रचना आहे. सुरुवातीला हौदा सावकाश उचलला गेला आणि पुढे झपकन गेला, तर तो बिघाड समजू नये.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तीच साऱ्या तपासणीची किल्ली आहे. दाब वजन उचलतो आणि प्रवाह वेग देतो. दाब म्हणजे तेल किती जोराने ढकलले जाते. प्रवाह म्हणजे मिनिटाला किती तेल येते. रिकामा हौदा उचलला जातो पण भरलेला उचलत नाही, तर दाबाचे दुखणे आहे. भरलेलाही उचलला जातो पण फार सावकाश, तर प्रवाहाचे दुखणे आहे. वैद्य नाडी पाहतो तसे आधी हे दोन प्रश्न विचारावेत, आणि मगच पान्याला हात घालावा.

पण तपासणीच्याही आधी तीन नियम सांगतो, ते घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. पहिला नियम असा की, उचललेल्या हौद्याखाली केवळ तेलाच्या भरवशावर कोणीही जाऊ नये. हौदा वर असतो तो एका झडपेच्या आणि एका रबरी नळीच्या जिवावर. नळी फुटली किंवा कोणाचा हात दांडीला लागला, तर काही टनांचे लोखंड क्षणात खाली येते, आणि पळायला वेळ मिळत नाही. अशा अपघातांत माणसे दगावल्याच्या बातम्या अधूनमधून आपण वाचतोच. खाली जायचेच असेल तर हौदा रिकामा करावा, चाकांना उटी लावाव्यात, आणि हौदा व सांगाडा यांमध्ये मजबूत लोखंडी टेकू पक्का बसवावा. लाकडाची फळी किंवा विटांचा थर हा टेकू नव्हे. दुसरा नियम असा की, नळीतली गळती हाताने चाचपडू नये. दाबाखालचे तेल बारीक छिद्रातून सुईसारखे निघते आणि कातडीखाली घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आरंभी फारशी दुखतही नाही. पण आत घुसलेल्या तेलाने बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता लगेच रुग्णालय गाठावे, आणि दाबाचे तेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. तेल त्यावर उमटते. तिसरा नियम असा की, हौदा उचलण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत आणि खालची जमीन सपाट व घट्ट आहे, हे पाहावे. हौदा वर असताना ट्रॅक्टर चालवीत नेऊ नये.

चला, आता एकेक लक्षण घेऊ.

पहिले लक्षण: हौदा मुळीच हलत नाही. अशा वेळी सर्वांत स्वस्त कारणापासून सुरुवात करावी. हौद्याला सांगाड्याशी जखडणारी खीळ काढली आहे काय? कित्येक ट्रॅक्टरांत तेल मागच्या उचल-दांड्यांकडे न्यायचे की बाहेरच्या नळीकडे, हे ठरवणारी वेगळी कळ असते. ती योग्य बाजूला आहे काय? मग कपलर पाहावा. कपलरच्या दोन्ही तोंडांत झडपा असतात, आणि दोन्ही तोंडे पूर्ण बसली तरच त्या एकमेकींना आत ढकलून वाट मोकळी करतात. वरून जोडलेला दिसणारा कपलर एक सूत कमी बसला असला तरी तेल अडते. दांडी खाली करून, नळीतला दाब उतरवून, दोन्ही तोंडे पुसून तो पुन्हा बसवावा. त्यानंतर तेल पाहावे. तेल मोजताना हौदा पूर्ण खाली असावा आणि ट्रॅक्टर सपाट जागी असावा. वर सांगितलेल्या जॅकचा पहिला टप्पा एक मीटर बाहेर आला की जवळजवळ ८ लिटर तेल ट्रॅक्टरच्या पोटातून निघून त्यात जाते. हौदा वर असताना तेल कमी दिसले म्हणून ओतत बसले, तर हौदा खाली येताच ते नको तिथून बाहेर पडते.

दुसरे लक्षण: रिकामा उचलतो, भरलेला उचलत नाही. इथे आधी मालाकडे पाहावे. ओझे जॅकच्या कुवतीपेक्षा जास्त आहे काय? ओल्या मातीचे किंवा भिजलेल्या खताचे वजन डोळ्यांना कळत नाही, वजनकाट्यावर कळते. माल पुढच्या बाजूला जास्त भरला आहे काय? हौद्याची बिजागरी मागे असते. तिच्यापासून ओझे जितके लांब, तितके ते जड, हा पुन्हा तरफेचाच नियम. माल ठीक असेल तर कान द्यावा. दांडी ओढल्यावर इंजिनावर भार येऊन त्याचा आवाज बदलतो काय? आणि मागोमाग तेलाची बारीक शिट्टी ऐकू येते काय? शिट्टी येत असेल, तर तेल ठरलेल्या दाबापर्यंत पोचून रिलीफ व्हॉल्व्हमधून परत जाते आहे; बहुधा ओझे जास्त आहे किंवा जॅक कुठेतरी अडकला आहे. अशा वेळी दांडी ओढून धरू नये, तेल तापते. शिट्टी नाही आणि इंजिनही जड होत नाही, तर दाब तयारच होत नाही. व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला असेल, त्याची स्प्रिंग ढिली पडली असेल, किंवा पंप झिजला असेल. हे काम दाबमापक लावून पाहणाऱ्या मिस्त्रीचे आहे. कोणी सुचवील की व्हॉल्व्हचा स्क्रू दोन आटे आवळा, म्हणजे उचलेल. तसे करू नये. पहारेकऱ्याला बांधून ठेवले की चोर सापडत नाही, उलट घर फुटते.

तिसरे लक्षण: उचलतो, पण फार सावकाश. इंजिनाचा वेग पुरेसा असूनही असे होत असेल, तर तेलाची वाट कुठे चोंदली आहे ते पाहावे. तेलाची जाळी साफ केल्याला किती दिवस झाले, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, हे केव्हा घडते? निफाडकडे पौष-माघाच्या थंडीत पारा एक आकड्यावर येतो. अशा सकाळी तेल दाट झालेले असते, आणि यंत्र थोडे चालून तापले की हौदा नीट उचलू लागतो. यात काळजीचे कारण नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घातले आहे एवढी खात्री करावी. पण उलट प्रकार असेल, म्हणजे सकाळी नीट उचलतो आणि दुपारी तेल तापल्यावर मंदावतो, तर पंपाचे किंवा झडपांचे भाग झिजले आहेत असा संशय घ्यावा. तापलेले तेल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून आतल्या आत निसटते.

चौथे लक्षण: हौदा झटके खात, थरथरत वर जातो. याचे नेहमीचे कारण हवा. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवा शिरली की जोर थेट पोचत नाही, हवा आधी आकसते आणि मग उसळते. तेल कमी पडल्यामुळे पंप हवा ओढत असेल, किंवा पंपाकडे येणाऱ्या नळीचा जोड ढिला असेल. कारण दूर करून रिकामा हौदा चार-सहा वेळा पूर्ण खाली-वर करावा, म्हणजे उरलेली हवा साठ्यात परत जाऊन निघून जाते. तेलाचा रंगही पाहावा. थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून ठेवावे. फेसाळ तेल काही वेळाने निवळले तर ती हवा होती. दुधट रंग तसाच राहिला तर तेलात पाणी शिरले आहे, आणि ते तेल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

पाचवे लक्षण: वर जातो, पण आपोआप खाली बसतो. इथे एकच प्रश्न विचारायचा, तेल गेले कुठे? रिकामा हौदा वर करावा, टेकू दोन बोटांची फट ठेवून लावावा, इंजिन बंद करावे आणि बाजूला उभे राहून दहा मिनिटे पाहावे. ट्रॉलीचा जॅक बहुधा एकाच बाजूने तेल घेणारा असतो, त्यामुळे त्याचे सील झिजले तर तेल बाहेर येते आणि दांड्यावर ओघळते. जॅक, नळी व जोड कोरडे आहेत आणि तरीही हौदा बसतो आहे, तर तेल ट्रॅक्टरच्या झडपेतून परत जाते आहे. मग जॅक खोलून नवे सील टाकणे हा वाया खर्च. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या उचल-यंत्रणेत मात्र गळलेले तेल आतल्या आत पडते, म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही. तिथली खूण वेगळी. नांगर उचलून धरला असता तो मान डोलावल्यासारखा खाली-वर होत राहतो. तेल निसटते, यंत्र ते भरून काढते, पुन्हा निसटते.

सहावे लक्षण: वर गेलेला हौदा खाली येत नाही. हे सर्वांत धोक्याचे, कारण घाईत माणूस कपलर किंवा नळीचा जोडच सोडायला जातो. तसे कदापि करू नये. जोड सुटला की तेल फवाऱ्यासारखे उडते आणि हौदा धाडकन खाली येतो. लोकांना दूर करावे. टेकू हौद्याच्या बाजूने, खाली न शिरता लावता येत असेल तरच लावावा. नाहीतर हौद्याला आधी क्रेनने आधार द्यावा. मग मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. कपलरमधली झडप मिटून बसलेली असते, नळीचा आतला थर सुटून वाट बंद झालेली असते, किंवा उताराच्या जागी हौदा उचलल्यामुळे जॅकचा दांडा वाकलेला असतो.

सातवे लक्षण: दोन जॅक असलेला हौदा एका बाजूला कलून उचलला जातो. पाण्याप्रमाणे तेलही सोपी वाट धरते. दोन्ही जॅकांना एकाच नळीतून तेल मिळत असेल, तर ज्या बाजूला ओझे हलके तो आधी उठतो. म्हणून आधी माल सारखा पसरला आहे का ते पाहावे, मग जमीन, आणि मग जॅक. हेच दुखणे साता समुद्रापलीकडेही आहे. अमेरिकेत प्रवासासाठी चाकांवरची घरे असतात. मुक्कामाला थांबल्यावर त्यांतली एक खोली कपाटाच्या खणासारखी बाहेर सरकते. कित्येकांत हे काम असलेच तेलाचे जॅक करतात. तिथेही खोलीचा एक कोपरा पुढे आणि दुसरा मागे राहतो, खोली अर्ध्यावर अडते किंवा आपोआप आत येऊ लागते. तिथला कारागीरही आधी तेल, मग हवा, मग जोड, मग झडप आणि शेवटी पंप असाच क्रम लावतो. यंत्र बदलले, देश बदलला, तरी पास्कलचा नियम तोच राहतो.

शिक्षक मित्रांना यातून वर्गासाठी एक चांगला प्रयोग मिळतो. औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या आणाव्यात, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. त्या फूटभर प्लॅस्टिकच्या नळीने जोडून आत रंगीत पाणी भरावे. दोन मुलांना एकेक दट्ट्या दाबायला द्यावा. बारीक पिचकारीवाला अशक्त मुलगा जाड पिचकारीवाल्या दणकट मुलाला हटवतो, तेव्हा वर्गात जो हशा पिकतो, त्यात पास्कलचा नियम कायमचा पाठ होतो. मग मुद्दाम एक हवेचा बुडबुडा आत ठेवावा. दट्ट्या लवचीक लागतो, झटके देतो. नळी चिमटीत धरावी. हालचाल मंद होते. जोड किंचित ढिला करावा. उचललेले वजन हळूहळू खाली बसते. म्हणजे आपण वर पाहिलेले बहुतेक बिघाड टेबलावर दिसतात, आणि यांतली पुष्कळ मुले उद्या ट्रॅक्टर चालवणार आहेत.

जाता जाता निगेच्या दोन गोष्टी. हायड्रॉलिकचा सर्वांत मोठा वैरी धूळ आहे. कपलर सुटा असताना त्याच्या तोंडाला टोपण असावे, ते नसेल तर निदान स्वच्छ फडके बांधावे. जोडण्यापूर्वी तोंड पुसावे. ट्रॉली उभी करताना जॅक मिटलेला असावा, म्हणजे दांड्याला गंज चढत नाही. गंजलेला, चरे पडलेला दांडा नवे सीलही चार दिवसांत कापून टाकतो. इंजिनातून काढलेले जळके तेल हायड्रॉलिकमध्ये ओतू नये.

आणि मिस्त्रीला बोलवण्याची वेळ आलीच, तर केवळ जॅक चालत नाही असे न सांगता चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून द्यावीत. रिकामे असताना अडतो की भरलेले असताना? थंड असताना की तापल्यावर? वर जाताना की खाली येताना? आणि तेल बाहेर कुठे दिसते का? एवढे लिहिलेले असले की चांगल्या मिस्त्रीचे निम्मे काम होते, आणि जो मिस्त्री ते न वाचता पंप बदला म्हणतो, त्याच्यापाशी आपली पिशवी सोडू नये. हौदा मात्र त्याआधी रिकामा करून खाली उतरवलेला असावा. तो उतरत नसेल, तर त्याला आधार मिळेपर्यंत आसपास कोणालाही फिरकू देऊ नये.